फलकावरची रिकामी ओळ

गेल्या आठवड्यात आर्वीहून, आमच्या जुन्या महाविद्यालयातून पत्र आलं. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे, तर 'आपला गौरवशाली क्रीडावारसा' या विषयावर मी दोन पानं लिहून पाठवावीत. सोबत विद्यापीठाच्या स्पर्धांत मिळालेल्या ढालीच्या फोटोची झेरॉक्स होती, आणि मला सोपं जावं म्हणून लेखाचा एक नमुनाही जोडला होता. नमुन्यातलं पहिलं वाक्य असं : 'कै. मेश्राम सर म्हणजे एक मृदुभाषी व्यक्तिमत्त्व.'

मृदुभाषी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेच होतं. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला एकदा सकाळी साडेपाचला आमच्या मैदानावर उभं करायला हवं होतं. मेश्राम सर या टोकाहून ओरडले की नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या रुळांपलीकडे बांधलेली जनावरं कान टवकारायची. मी त्यांच्यासोबत दहा वर्षांहून जास्त काळ काढला, आणि एवढ्या काळात ते कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. मेलेल्या माणसाला धुऊन, इस्त्री करून भिंतीवर टांगायची आपल्याकडे खोडच आहे. पण ज्या कचेरीनं त्यांना जिवंतपणी मैदानावरून उठवलं, तिनंच हे करावं म्हणजे कमाल झाली. दोन पानांत माझं भागणार नाही. छापायचं तर हे छापा.

सर आमचे शारीरिक शिक्षण संचालक. गाव त्यांना 'पीटी सर' म्हणायचं आणि त्यावर ते हमखास भडकायचे. "पीटी शाळेत असते. मी डायरेक्टर आहो," हे त्यांनी पोस्टमनपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं. बुटका बांधा, खाकी हाफपँट, सायकलच्या कॅरिअरला चुन्याची पिशवी. मैदान आखायचं काम त्यांनी कधी शिपायावर सोडलं नाही, त्यामुळे बोटांची टोकं बारा महिने पांढरी आणि भेगाळलेली. शिट्टी वापरायचे नाहीत. शर्यत सोडायला त्यांच्याकडे बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या होत्या, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मोडक्या खोक्यातून स्वतः केलेल्या. त्या डोक्यावर धरून फाडकन मिटल्या की पोरं सुटायची.

धावून आलेल्याला ते एकच प्रश्न विचारायचे : "किती?" उत्तरात आकडाच पाहिजे. "सर, आज चांगलं वाटलं," असं कुणी म्हणालं की झालं. "तुले कसं वाटलं ते तुह्या मायले सांग. मले किती ते सांग." विभागात स्टॉपवॉच एकच होतं. ते स्वतः वेळ वाचून दाखवत नसत, घड्याळच धावणाऱ्याच्या हातावर ठेवत. पोरं निकाल कळावा म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, तर ते खेकसायचे, "घड्याळ पाह्य. माह्या तोंडावर काय लिहिलं आहे?"

मी तिथं इतिहास शिकवायला लागले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. सर प्राध्यापकांच्या खोलीत कधी बसत नसत. खेळाच्या खोलीत, जाळ्या आणि भाल्यांच्या गर्दीत, स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात चहा घेत. मला वाटायचं, माणूस तऱ्हेवाईक आहे. तीन वर्षांनी कळलं की ते नोकरीला लागले तेव्हा, म्हणजे सिंदी रेल्वे स्टेशनावरच्या हमालाचा बौद्ध मुलगा अमरावतीहून पदवी घेऊन इथं डायरेक्टर म्हणून आला तेव्हा, खोलीतल्या बारा कपांपैकी एक बाजूला काढून ठेवला गेला होता. त्यांनी तो कप बघितला, बाजारात जाऊन पेला आणला आणि पुन्हा त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. पुढे कप सारखे झाले, पण त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही. मीही गेले नाही. मी त्या कपांतून तीन वर्षं चहा पीत होते.

माझा खेळाशी संबंध आला तो विद्यापीठाच्या नियमामुळे. मुलींचा संघ बाहेर जायचा तर सोबत बाई व्यवस्थापक हवी. आम्ही तिघीच प्राध्यापिका होतो. एकीचं मूल लहान, दुसरीच्या नवऱ्याचा नकार, उरले मी. सरांनी मला खालपासून वर न्याहाळलं आणि स्टॉपवॉच हातात दिलं. "मॅडम, हे दाबता येते?" पहिल्याच दिवशी मी उशिरा दाबलं. सगळ्या मुलींसमोर ते ओरडले, "पोरगी पोचल्यावर नाई, पोचतांना दाबा जी." मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी जाणारच नव्हते, तरी गेले. पंधरा दिवसांत माझा अंगठा बरोबर चालायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे लक्ष देणं सोडलं. ती पावती होती हे मला फार उशिरा समजलं.

वार्षिक संमेलनात तोवर मुलींसाठी दोन खेळ असायचे, लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. त्या वर्षी सरांनी दोन्ही कापले आणि चारशे मीटरची शर्यत ठेवली. महिला मंडळातल्या बायका तक्रार घेऊन आल्या, की मुलींची हौस का मोडता. सर म्हणाले, "पोरीच्या पायाले काय रोग झाला? तोंडात चमचा कायले पाह्यजे?" मंडळाच्या अध्यक्षीणबाई तिथून थेट प्राचार्यांकडे गेल्या. शर्यतीला चारच मुली उभ्या राहिल्या. त्यातली एक बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, अनवाणी, साडीचा काष्टा मारलेली. बाकीच्या तिघी शेवटच्या वळणावर होत्या तेव्हा ही पोचून पदराने तोंड पुसत होती. ती बेबी कोहळे. कागदोपत्रीही बेबीच. आमच्या भागात प्रत्येक घरात एक बेबी असते, हजेरी घेताना तीन उठतात.

बेबीच्या वडिलांना हे कळलं आणि त्यांनी तिचं कॉलेजच बंद केलं. नथ्थूजी कोहळे कापूस बाजारात मापारी होते, आयुष्य काट्यापाशी उभं राहण्यात गेलेलं. सर सायकल मारत तीन कोसांवरच्या त्यांच्या गावी गेले आणि बाई सोबत असावी म्हणून मला मागे कॅरिअरवर बसवून नेलं. नथ्थूजींनी खाट टाकली, पाणी दिलं आणि सांगितलं, "पोरगी नाई येत जी. लोकं काय म्हंतीन?"

सर म्हणाले, "लोकं काय म्हंतीन ते मले माईत नाई. काटा काय म्हंते ते पाह्यचं का?"

त्यांनी सोबत आणलेल्या दोरीनं गावच्या तळ्याचा काठ मोजला, घड्याळ नथ्थूजींच्या हातात दिलं, आणि बेबीला म्हणाले, "धाव." ती धावली. नथ्थूजी घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे भारी आहे का हलकं?" सरांनी मागच्या वर्षी विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीचा आकडा सांगितला. म्हाताऱ्यानं ते घड्याळ पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेलं. शेवटी म्हणाला, "आकडा खोटा नाई ना सर? मंग न्या. पन आकडा खोटा निघाला तं मी इचारीन." मी बेबीसाठी गुडघ्याखाली येणारी निळी पँट शिवली. त्यावरही सर चिडले, कापड जास्त आहे म्हणून.

आकडा खोटा नाही, ही गोष्ट सरांनी किती मनावर घेतली होती ते पुढच्या पावसाळ्यानंतर दिसलं. आमचं चारशे मीटरचं मैदान सुताच्या दोरीनं मोजलेलं होतं. एका सकाळी सरांनी बांधकाम खात्याकडून पोलादी टेप मागून आणली आणि सहज मोजलं, तर मैदान तीन मीटर कमी भरलं. ओली दोरी आखडली होती. तोवर आम्ही एकदा विद्यापीठाची ढाल जिंकलो होतो, वहीत सगळ्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, आणि गावात कुणाच्या बापाला हे कळणार नव्हतं. सरांनी वही उघडली आणि वर्षभराच्या प्रत्येक आकड्यावर तांबड्या शाईची रेघ मारली. पोरं अक्षरशः रडली. एकानं विचारलं, "सर, काऊन?" तर सर त्याच्यावरच धावून गेले. "कमी मैदानावर पळाला तू. तीन मीटर कोन, तुहा बाप पळन?" मग चार दिवस त्यांनी एकट्यानं नवीन चुना मारला.

म्हणून पुढचा आकडा लक्षात ठेवा. तो पोलादी टेपनं मोजलेल्या मैदानावरचा आहे, आणि घड्याळ माझ्या हातात होतं. बेबीचं ते तिसरं वर्ष. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती आठशे मीटर धावली. दोन मिनिटं, सव्वीस पॉइंट दोन. मी तिच्या हातावर घड्याळ ठेवलं. तिनं बघितलं आणि नेहमीसारखं सरांच्या तोंडाकडे न बघता मला म्हणाली, "मॅडम, हे माह्यंच होय ना जी?" सरांनी वहीत आकडा लिहिला आणि मागे वळून तीनचार मुलांना विनाकारण झापलं. त्या दिवशी ते फार खूश होते.

आता ढालीविषयी. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांत मुलींच्या सर्वसाधारण विजेतेपदाची ती फिरती ढाल. नियम असा, की एखाद्या महाविद्यालयानं ती सलग तीन वर्षं जिंकली तर ती त्यांची कायमची. आम्ही दोन वर्षं जिंकलो होतो. नागपुरातली मोठी महाविद्यालयं बाजूला सारून, छोट्या गाडीनं पुलगाव आणि तिथून पॅसेंजरनं जाणाऱ्या, डब्यात भाकरी बांधून नेणाऱ्या आमच्या मुलींनी. सरांनी विभाग कसा उभा केला त्याची हकिकत एवढीच आहे : चुना, दोन फळ्या, एक घड्याळ आणि त्यांचं तोंड. त्या सगळ्या वर्षांत आमचे प्राचार्य एकदाही मैदानावर आले नाहीत. संस्थेचे अध्यक्ष तर मैदान कुठल्या बाजूला आहे हेही सांगू शकले नसते. पण तिसऱ्या वर्षी महाविद्यालयाचा रौप्यमहोत्सव आला, आणि अध्यक्षांना व्यासपीठावर ती ढाल हवी झाली.

स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना प्राचार्यांनी सरांना मुलांचा संघ घेऊन चंद्रपूरला पाठवलं. सरांनी हरकत घेतली, पण लेखी आदेश होता. जाताना त्यांनी मला घड्याळ दिलं. "पोरी तयार आहेत. तुमी कायी करू नका मॅडम. फक्त घड्याळ दाबजा."

आठशेच्या शर्यतीच्या दिवशी दुपारी नागपूरच्या मैदानावर संस्थेची जीप आली. प्राचार्य उतरले आणि त्यांच्यासोबत एक उंच, सडपातळ मुलगी. कुठल्यातरी दूरच्या रेल्वे विभागात नोकरीला, राज्य पातळीवर धावलेली. अध्यक्षांच्या ओळखीतून आणलेली. प्राचार्यांच्या हातात बेबी कोहळे नावाचं ओळखपत्र होतं, त्यावर या मुलीचा फोटो. माझी सही तेवढी बाकी होती.

मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, आपली बेबी जिंकेल."

ते हसले. तसं हसू मी नंतर पुष्कळांच्या तोंडावर पाहिलं, म्हणून आजही ओळखते. "अहो मॅडम, मापाऱ्याची पोरगी ती. गावात धावणं वेगळं. धोका कशाला पत्करायचा? आणि नाव तर तिचंच लागणार आहे ना. प्रमाणपत्र तिलाच मिळणार. तिचं भलंच होतंय."

दोन सव्वीस पॉइंट दोन हा आकडा मला पाठ होता. तो माझ्या अंगठ्याखालून गेला होता. मी तो तोंडातून काढला नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हे कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून लाजिरवाणं आहे. प्राचार्य इतक्या खात्रीनं बोलत होते की मलाही क्षणभर वाटून गेलं, खरंच, ही आपली बेबी, हिला जमेल का? घड्याळ हातात धरून मी माणसाच्या तोंडाकडे बघितलं. मी सही केली.

बेबीच्या छातीवर नंबर लावलेला होता. तिनं चारही टाचण्या स्वतः काढल्या, नंबराची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. मग विचारलं, "मॅडम, सरांईले माईत आहे का हे?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, कोण जाणे. तिनं लवकर गप्प बसावं म्हणून असेल. ती पायऱ्यांवर जाऊन बसली, निळ्या पँटवर साडी गुंडाळून. खाली लाउडस्पीकरवर बेबी कोहळे हे नाव पुकारलं गेलं आणि ती दुसरी मुलगी रेषेवर उभी राहिली. तिला मी दोष देत नाही, तिला सांगितलं होतं की मूळ मुलगी आजारी आहे. मी सवयीनं घड्याळ दाबलं. ती पहिली आली. पुन्हा दाबलं. दोन मिनिटं, एकोणतीस पॉइंट चार.

मी ते घड्याळ शून्यावर आणलं नाही. तसंच रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आर्वीच्या स्टेशनावर बँड होता. छोटी गाडी लागायच्या आधीच फटाके सुरू झाले. प्राचार्यांनी बेबीला जीपवर उभं केलं, गळ्यात हार घातले, हातात ढालीची एक बाजू दिली. गाव नाचत होतं. बाजारापाशी नथ्थूजी काटा सोडून पुढे आले आणि त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. बेबी मान खाली घालून उभी होती. लोकांना वाटलं, लाजते आहे.

सर संध्याकाळी चंद्रपूरहून आले. सायकल घेऊन सरळ मैदानावर. आम्ही तिथंच होतो. त्यांनी बेबीला विचारलं, "किती?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तसं बघणं मला पुन्हा कधी दिसू नये. मग ती निघून गेली. मी रुमाल सोडून घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, सहीसकट, त्या 'हो'सकट.

मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ते घड्याळाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. "तीन सेकंदानं जिकली असती पोरगी. चोरायची गरज नोती याईले. आपलंच होतं, तेच चोरून आनलं." मग माझ्याकडे वळले. "सही केली ते समजलं मॅडम. तुमाले पोट आहे. पन माह्यं नाव काऊन घेतलं?"

रुमालाची घडी घालून मी तो पर्समध्ये ठेवला.

मी म्हटलं, आपण विद्यापीठाला लिहू. ते म्हणाले, "लिहून पाह्यलं मनातल्या मनात. कागदावर नाव तिचं आहे. पयले तिलेच काढतीन." मग म्हणाले, "तिले तुमी सांगा. मले काय बी माईत नोतं, हे तुमीच सांगा. मी सांगतलं तं ते सफाई होते." मी म्हटलं, सांगते.

नथ्थूजींना मात्र बेबीनंच खरं सांगितलं. चौथ्या दिवशी ते प्राचार्यांच्या खोलीत आले. हातात ते छापील प्रमाणपत्र, चार घड्या घातलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "हे वजन आमचं नाई," म्हणाले आणि नमस्कार करून गेले. बाहेर व्हरांड्यात सर उभे होते. नथ्थूजी त्यांच्यासमोर थांबले, तोंडाकडे बघितलं, आणि पुढे गेले. त्यांनी विचारायला हवं होतं. विचारीन असं म्हणाले होते. बेबी पुन्हा कॉलेजात आली नाही आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न गिरडकडे झालं.

व्हरांड्यात एक मोठा काळा फलक होता. विद्यापीठात पहिल्या आलेल्यांची नावं सर दरवर्षी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात त्यावर लिहीत. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांची नावं लिहिली आणि आठशे मीटरची ओळ रिकामी सोडली. प्राचार्यांनी बाजारातून पेंटर बोलावून ती भरून घेतली. सरांनी दाढीचं पातं आणलं आणि विद्यार्थ्यांच्या देखत ते नाव खरवडून काढलं. अक्षरं जाईपर्यंत तोंडानं त्यांचं चालूच होतं. ते शब्द स्मरणिकेत चालणार नाहीत. प्राचार्य खोलीतून बाहेर आले नाहीत. नथ्थूजींनी परत केलेल्या प्रमाणपत्राचं प्रकरण बाहेर फुटेल, याची त्यांना धास्ती होती.

पण महिन्याभरात आदेश निघाला. खेळाचा विभाग अध्यक्षांच्या पुतण्याकडे गेला आणि मेश्राम सरांना परीक्षा व वाचनकक्षावर देखरेखीचं काम मिळालं. पगार तोच, हुद्दा कागदावर तोच. पुतण्यानं मैदान सांस्कृतिक कार्यक्रमांना द्यायला सुरुवात केली. वळणावर मंडपाचे खड्डे पडले. लिंबू-चमचा परत आला. हाफपँट घालणारा तो माणूस सहा वर्षं फुलपँट घालून वाचनकक्षाच्या दारात बसला, आणि आत कुणी कुजबुजलं तरी त्याच्या अंगावर धावून जायचा. नवीन मुलं त्यांना चिडका म्हातारा म्हणायची. मी ते ऐकत होते. मी तोवर विभागप्रमुख झाले होते, आणि बेबीला अजून काही सांगितलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ. गिरड लांब होतं, असंही म्हणून बघितलं.

ज्या दिवशी सर निवृत्त झाले, त्या दिवशी सभागृहात भाषणं चालू होती. तेव्हाही कुणीतरी शांत स्वभावाचे म्हणालं. सर उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी घरून रंगाचा डबा आणला होता. स्टूलावर चढून त्यांनी ती रिकामी ओळ लिहिली : बेबी नथ्थूजी कोहळे, ८०० मीटर, २ मि. २६.२ से., आर्वीचे मैदान. आकडे ठसठशीत आले. मग वरूनच ब्रश माझ्यापुढे धरला.

"घड्याळ कोनाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मंग लिहा. यावेळी पाहून सही करा."

मी स्टूलावर चढून त्या ओळीखाली बारीक अक्षरांत 'वेळ घेणार' आणि माझं नाव लिहिलं. आत टाळ्या वाजत होत्या. सर रॉकेलच्या फडक्यानं ब्रश पुसत म्हणाले, "तिले सांगतलं?"

"नाही."

"सहा वर्सं झाली मॅडम." एवढंच. ओरडले नाहीत.

त्या रविवारी पहिल्या एसटीनं निघाले. वर्धा, समुद्रपूर, मग गिरडची गाडी. बेबीचं घर टेकडीच्या पायथ्याशी, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती अंगणात सरकी निवडत होती, पोरं भोवती. तिनं मला ओळखलं आणि पदर सावरला. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की सरांना काही माहीत नव्हतं, मी खोटं बोलले.

ती हात थांबवून बसली. "मले वाटलं, सरांईनंच मले उतरवलं," ती म्हणाली. "सहा वर्सं मी त्या मानसाले मनातल्या मनात शिव्या देल्या जी." तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ती मला घालवून देईल, आणि तिनं दिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिनं विचारलं, "तिले किती लागले होते?"

"दोन एकोणतीस."

तिनं सुपावर बोटं मोजली नाहीत, मोजायची गरज नव्हती. तिनं सूप उचललं आणि अंगणात भिरकावलं. सरकी सगळीकडे उडाली, कोंबड्या धावल्या. "तीन सेकंद," ती म्हणाली. "मी तिले तीन सेकंदानं मारली असती." मग तशीच उठून माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

संध्याकाळी आर्वीच्या डेपोत उतरले तर सर फाटकापाशी सायकल धरून उभे. अंगात पुन्हा ती खाकी हाफपँट. किती गाड्या बघितल्या होत्या त्यांनी, मी विचारलं नाही.

"काय इचारलं तिनं?"

"वेळ विचारली. दुसऱ्या मुलीची."

"मंग?"

"सांगितली. दोन एकोणतीस."

"पॉइंट चार," सर ओरडले. तोच आवाज, सहा वर्षांनी. डेपोतली माणसं वळून बघायला लागली, कंडक्टरनं पंच थांबवला. "दोन एकोणतीस पॉइंट चार होती मॅडम. सव्वीस पॉइंट दोनात अन एकोणतीस पॉइंट चारात किती होते? तीन पॉइंट दोन. पोरीचं पॉइंट दोन खाल्लं तुमी." आणि सायकलवर टांग टाकून ते निघाले. दुसऱ्याच आठवड्यात ते सिंदीला राहायला गेले, आणि मला ते पुन्हा दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांची पाठ मला बाजाराच्या वळणापर्यंत दिसत होती, आणि चालू असलेलं तोंडही ऐकू येत होतं. घरी जाऊन मी गिरडच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. वर बेबीचं नाव, खाली आकडा : तीन पॉइंट दोन.